पावडरीच्या दिव्यापासून एलईडीच्या झोतापर्यंत

हापूस झटपट पिकवण्याच्या नादात बदनाम झालेली ‘पावडर’ म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. फळं पिकवायला तिच्यावर बंदी आहे. पण शंभरेक वर्षांपूर्वी मोटारींचे पुढचे दिवे तिच्यावरच चालत! कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं, अ‍ॅसिटिलीन वायू सुटायचा आणि त्याची पांढरी ज्योत रिफ्लेक्टरपुढे जळायची. १९१२ मध्ये कॅडिलॅकने स्टार्टरबरोबर विजेचे दिवे दिले आणि हा खटाटोप हळूहळू संपला.

हॅलोजन बल्ब युरोपात आला १९६२ साली. १९७१ चा एच-४ म्हणजे एकाच बल्बात अप्पर आणि डिपरच्या दोन तारा, ६० आणि ५५ वॅटच्या. अर्धशतक उलटलं तरी आपल्याकडे तो ठाण मांडून आहे. मेकॅनिक हा बल्ब कागदात धरून बसवतो ते उगाच नाही. बोटाचं तेल लागलं की काच तिथेच जास्त तापते आणि बल्ब लवकर उडतो.

हातखंब्यावरून रात्री आंबा घाटाकडे निघालेल्यांची नेहमीची तक्रार : ‘लाइट पडतच नाही.’ बल्ब बदलण्याआधी वायरिंग बघा. बल्बपर्यंत पोचणारं व्होल्टेज १० टक्के घसरलं, तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो! जुन्या गाडीत रिले टाकून बॅटरीपासून जाड वायर ओढली की तोच बल्ब लख्ख पेटतो. दुसरा चोर म्हणजे उन्हाने पिवळी पडलेली पॉलिकार्बोनेटची काच. पाणी मारत बारीक पॉलिश पेपर फिरवा, बफिंग करा. वर कोटिंग मात्र हवंच, नाहीतर काच पुन्हा पिवळी.

पावसाचं गणित वेगळं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोरडा रस्ता उजेड चहूकडे उधळतो, त्यातला थोडा आपल्याकडे परत येतो. ओला रस्ता तोच उजेड पुढे ढकलतो, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. त्यामुळे दिवे कितीही भारी लावा, डांबर काळंच दिसणार. इथे वॅट वाढवून भागत नाही, वेगच कमी करावा लागतो. ताशी ६० ला गाडी सेकंदात जवळपास १७ मीटर जाते!

सगळ्यात चीड येते ती हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबलेल्या स्वस्त एलईडीची. रिफ्लेक्टरचा आकार तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिप त्या जागी तंतोतंत नसतील तर झोत विस्कटतो. बोनेटपुढे दिवसासारखा उजेड, पन्नास मीटरवर काळोख आणि वळणावर समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर क्षणभर आंधळा. एलईडी हवाच असेल तर आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा कंपनीचा पूर्ण दिवा बसतो का ते विचारा.

घाटात बिबट्याचे डोळे लांबूनच चमकतात, कारण डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो. गव्याचेही चमकतात, पण तो पाठ करून उभा असला तर त्याचं काळं अंग सगळा उजेड गिळून टाकतं.

आणि गणपतीला माणसं, सामान ठासून भरून येणाऱ्या चाकरमान्यांनो, मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं, डिपरही वर चढतो. बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. आकडा वाढवला की झोत खाली येतो. डिकी बंद केलीत की आधी ती फिरवा, मगच गाडी काढा.