कोपऱ्यातला छोटा आयत

कॅल्क्युलसमधला गुणाकाराचा नियम आपल्याकडे अकरावी सायन्सला भेटतो. विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर भागात दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलेही तिथून पुढे गणित इंग्रजीतच शिकतात, आणि नियम तालावर पाठ करतात: ‘यू इनटू डीव्ही बाय डीएक्स, प्लस व्ही इनटू डीयू बाय डीएक्स’. सीईटीपुरते एवढे पुरते. पण या एका ओळीमागे जे घडले ते इतके विलक्षण आहे, की मुलांपर्यंत ते न पोहोचणे हे मोठेच नुकसान.

बेरजेचा नियम सरळ आहे. दोन राशींच्या बेरजेचा बदलाचा दर म्हणजे दोन दरांची बेरीज. मग गुणाकाराचा दर म्हणजे दोन दरांचा गुणाकार, असे कोणालाही वाटेल. गणिती लायब्निझलाही तसे वाटून गेले होते. ११ नोव्हेंबर १६७५ रोजी, पॅरिसमध्ये, वयाच्या २९व्या वर्षी त्याने आपल्या टिपणात हाच प्रश्न मांडला आणि उदाहरण घेऊन पाहिल्यावर तसे होत नाही हे त्याच्या लक्षात आले. २१ नोव्हेंबरच्या टिपणात योग्य नियम आहे. छापून आला तो १६८४ साली, लाइपझिगच्या ‘आक्टा एरुडिटोरम’मध्ये, तोही सिद्धतेशिवाय.

नियम खरा का, हे आकड्यांत पाहावे. विश्रांतवाडीतल्या एखाद्या भाजीवाल्याकडे १०० किलो कांदा आहे आणि भाव ३० रुपये किलो आहे असे धरू. मालाची किंमत ३,००० रुपये. भाव रोज २ रुपयांनी चढतो आणि साठा रोज १० किलोने वाढतो. दोन दर नुसते गुणले तर २० येतात, आणि ते तर उघडच चुकीचे आहे. नियम सांगतो: ३० गुणिले १०, अधिक १०० गुणिले २, म्हणजे दिवसाला ५०० रुपये.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष किंमत होते ३२ गुणिले ११०, म्हणजे ३,५२०. वाढ ५२० झाली. हे वरचे २० कुठून आले? वाढलेल्या १० किलोंवर वाढलेले २ रुपये, ते हे २०. आता अर्धाच दिवस घ्या: ३१ गुणिले १०५, म्हणजे ३,२५५. अर्ध्या दिवसात २५५, म्हणजे दिवसाला ५१० चा दर. पाव दिवस घेतला तर दर ५०५ येतो. काळाचा तुकडा निम्मा केला की दरातला जादा भागही निम्मा होतो, आणि दर ५०० च्या हवा तितका जवळ जातो.

हेच कागदावर काढता येते. आयताची लांबी आणि रुंदी थोडी थोडी वाढवली की दोन बाजूंना दोन लांब पट्ट्या जोडल्या जातात आणि कोपऱ्यात एक चिमुकला आयत उरतो. पट्ट्या म्हणजे नियमातली दोन पदे. कोपरा सोडून द्यायचा.

पण सोडायचा कोणत्या अधिकाराने? यावरून गणिताच्या इतिहासात मोठा वाद झाला. ‘प्रिन्सिपिया’मध्ये न्यूटनने प्रत्येक बाजू अर्ध्या वाढीने कमी आणि अर्ध्या वाढीने जास्त घेऊन वजाबाकी केली, त्यात कोपरा आपोआप कटतो. बिशप बर्कलीने १७३४ च्या ‘द अ‍ॅनालिस्ट’मध्ये ही हातचलाखी नेमकी पकडली. त्याचा आक्षेप रास्त होता, असे माझे मत आहे. त्याला समाधानकारक उत्तर मिळाले ते एकोणिसाव्या शतकात, कोशी आणि त्याच्यानंतरच्या गणितींनी सीमेची (लिमिटची) कल्पना काटेकोर केली तेव्हा.

आपल्या मातीतही या विचाराची मुळे आहेत. ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्यांनी ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला. गुणाकाराचा नियम मात्र त्यांच्या नावावर लावू नये. जे त्यांनी केले ते पुरेसे थोर आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात बाळशास्त्री जांभेकरांनी कॅल्क्युलसवर ‘शून्यलब्धी’ या नावाने मराठीत लिहिले.

गुणाकाराचा हा नियम उलटा वाचला की ‘इंटिग्रेशन बाय पार्ट्स’ मिळते. बारावीला ते स्वतंत्र सूत्र म्हणून शिकवतात, आणि नाते सांगायचे राहून जाते. पूल किंवा यंत्रभाग भार पेलेल का, हे संगणकावर तपासणाऱ्या फायनाइट एलिमेंट पद्धतीच्या मुळाशी हेच उलटे वाचन आहे. विश्रांतवाडीला लागून, आळंदी रस्त्यावर कळस इथे डीआरडीओची आर अँड डीई ही प्रयोगशाळा लष्करासाठी पूल घडवते. ‘सर्वत्र’ हा पूल तिथलाच.

अकरावीच्या शिक्षकांना एक विनंती: सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना वहीत एक आयत काढू द्या, आणि कोपऱ्याचे काय करायचे हे त्यांनाच विचारा. एका तासाचे हे काम आहे.