स्कॉटचा एक पुणेरी वाचक

दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाजवळच्या मुनिरक्यात खोली घेऊन राहणाऱ्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याने सर वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’ हाती घेतली, तर त्याला घरचेच काही वाचल्यासारखे वाटेल. वडील सरकारच्या बाजूचे आणि मुलाला ओढ बंडाची! हे तर हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’मधले.

हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) विद्यार्थिदशेतच इंग्रजी कादंबऱ्यांच्या नादी लागले. पदवी काही त्यांना मिळाली नाही. पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्या वळणाची होती. रेनॉल्ड्स म्हणजे रहस्य आणि सनसनाटी; त्या काळी आपल्याकडे त्याचे चाहते उदंड होते. स्कॉटची जात निराळी.

‘वेव्हर्ली’ १८१४ मध्ये निघाली, तीही लेखकाच्या नावाविना. स्कॉटलंडमधील १७४५ च्या बंडाची ही कथा; पण बंडखोर राजपुत्र तिचा नायक नाही. नायक आहे एक कल्पित, गोंधळलेला तरुण. इतिहास त्याच्या घरात शिरतो आणि त्याला बाजू निवडायला लावतो. इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांच्या सनावळ्या, ही समजूत येथे गळून पडते.

हरिभाऊंनी नेमके हेच उचलले. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये येऊन गेली होती, तेव्हा ऐतिहासिक कादंबरी मराठीला नवी नव्हती. पण ‘उषःकाल’मध्ये विजापूर दरबाराशी इमान राखणारा किल्लेदार आणि शिवरायांकडे ओढला जाणारा त्याचा मुलगा नानासाहेब यांच्यातली ताणाताण वाचकाला स्वराज्याचा खरा अर्थ सांगते. स्वराज्य म्हणजे आधी बापलेकांतली फूट!

मात्र ही नक्कल नव्हे. स्कॉटचे बंड १७४६ मध्ये कलोडनच्या रणांगणावर मोडले. हरलेल्या बाजूसाठी हळहळून ब्रिटिश राज्याशी जुळवून घेणे त्याला परवडले. हरिभाऊ लिहीत होते त्याच राज्याच्या अमलाखाली, आणि लिहीत होते जिंकलेल्या बंडाविषयी. हाताशी साधनेही तुटपुंजी, कारण राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला १८९८ मध्ये. त्यामुळे बखरी आणि कल्पना यांवरच मदार होती. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात चुका सापडतील, सापडोत बापड्या.

‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या काळात त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. १८९६ मध्ये लोक रायगडावर शिवोत्सवाला जमले, तेव्हाही नानासाहेबाची गोष्ट संपायची होती.