घरगुती मिरचीची रोपे : दोष बियाण्याचा की आमचा?

व्यापारात वावरणाऱ्या मंडळींस मिरचीची ओळख नव्याने करून द्यावयास नको. ब्याडगीच्या मिरचीस रंग अधिक व तिखटपणा बेताचा, गुंटूरची मिरची जहाल, आणि नंदुरबारच्या बाजारात हंगामी ओल्या लाल मिरचीची रास पडते, हे किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलासही ठाऊक असते. तथापि पोत्यातील मिरची पारखणे निराळे आणि कुंडीतील तिचे रोप जगविणे निराळे. हा भेद आम्हांस ज्या प्रसंगाने कळला, तो आमच्या मोठेपणास साजेसा नाही. परंतु इतरांस उपयोगी पडेल म्हणून सांगत आहो.

काही वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात पावसाची संततधार लागली असता, आमच्या घरच्या मंडळींनी सिल्वासा येथील राहत्या घराच्या सज्जात दोन पसरट कुंड्या मांडल्या. एकीत तिखट मिरचीचे व दुसरीत ढोबळी मिरचीचे बी पेरले आणि सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घातले. बारा दिवसांनी मोजकीच रोपे वर आली. तीही दोन-तीन दिवसांत बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडली. आम्ही तडक बियाण्याच्या दुकानी गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत दुकानदारास "तुमचा माल जुना आहे" असे सुनावले. त्या गृहस्थांनी वाद घातला नाही. त्याच खोक्यातील दुसरे पाकीट फोडून त्यांनी वीस बिया ओल्या फडक्यात बांधल्या आणि दहा दिवसांनी येण्यास सांगितले. दहा दिवसांनी फडके उलगडले, तो वीसांपैकी सोळा बियांस कोंब! घरी येऊन कुंडीतील माती उकरली, तेव्हा कित्येक बिया रुजून तेथेच कुजलेल्या आढळल्या. व्यापाऱ्याची पत किती वर्षांनी उभी राहते हे जाणणारे आम्ही, दुसऱ्याची पत एका घटकेत घालविण्यास निघालो होतो!

मग खरे कारण कोणते? ह्या रोगास शेतकरी 'रोपांची मर' किंवा 'कोलमड' म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया आदी बुरशी मातीत असतातच. माती सदैव चिंब राहिली, हवा खेळती नसली आणि रोपांची दाटी झाली, की त्यांचे फावते. कधी त्या बीज मातीतच कुजवितात, तर कधी उगवलेले रोप बुडाशी कापल्यासारखे पाडतात. आपल्या प्रदेशात वर्षाकाठी पडणारा दोन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच कोसळतो. त्या दमट हवेत आम्ही दिवसातून दोनदा पाणी घालीत होतो. रोपे उपासाने मेली नाहीत, अजीर्णाने मेली.

म्हणून पहिली गोष्ट हंगामाची. सिल्वाशाहून फार दूर नसलेल्या डहाणू तालुक्यात, वाणगावच्या आसमंतात, मिरचीची व ढोबळी मिरचीची शेती मोठ्या प्रमाणावर होते. तेथील शेतकऱ्याचा मुख्य भर पावसाळा ओसरल्यानंतरच्या लागवडीवर असतो, आणि घरगुती बागायतीसही तोच मार्ग सोयीचा आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात बी पेरावे. पाच-सहा आठवड्यांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या आरंभी, रोपे मोठ्या कुंडीत जातात आणि फुलोरा थंडीत सापडतो. ढोबळी मिरचीस हे विशेषच लागू आहे. दिवसाचे तापमान ३२ अंश सेल्सियसच्या वर गेले आणि रात्रीही उकाडा राहिला, की तिची फुले फळ न धरताच गळतात. तिखट मिरची तुलनेने काटक असते. ती पावसाळ्यासाठी लावावयाची झाल्यास मेअखेरीस आडोशाला बी पेरून, पाऊस स्थिरावल्यावर रोपे हलवावीत.

दुसरी गोष्ट बियाण्याची. पाकिटावरील चिठ्ठीत उगवणक्षमता व चाचणीची तारीख छापलेली असते. ती आपण हुंडीवरील मुदतीइतक्याच काळजीने वाचावी. मिरचीच्या प्रमाणित बियाण्यास किमान ६० टक्के उगवण पुरेशी मानली आहे. अर्थात शंभरांतील चाळीस बिया न उगवल्या तरी ती फसवणूक नव्हे. पोत्यातून नमुना काढल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. तद्वत पेरणीपूर्वी दहा-वीस बिया ओल्या फडक्यात ठेवून पाहाव्यात. स्वयंपाकघरातील वाळल्या मिरचीचे बी काही वेळा उगवते, परंतु ती मिरची किती जुनी आणि कशी वाळविलेली, हे कळत नसल्याने भरवसा धरू नये. संकरित वाणाच्या फळातील बी धरल्यास पुढील पिढी मूळ रोपासारखी एकजिनसी निघत नाही.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अगत्याचे वाटते. तिखट व ढोबळी मिरची शेजारी लावल्यास ढोबळी त्याच वर्षी तिखट होते, असे पुष्कळजण समजतात. तसे घडत नाही. दोन्ही एकाच जातीच्या वनस्पती असल्याने परागांची देवघेव होते खरी, परंतु तिचा परिणाम त्या फळातील बियांपुरताच राहतो. त्या बिया पुढल्या वर्षी पेरल्या तर मात्र तिखट फळे येऊ शकतात. तसेच तिखटपणाचे मूळ बियांत नसून फळातील पांढऱ्या शिरांत असते. कॅप्सायसिन नावाचे द्रव्य तेथे तयार होते आणि बियांस केवळ चिकटते.

आता कृती. चांगली माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि वाळू समभाग घ्यावी. माती ओलसर करून मे महिन्याच्या उन्हात पारदर्शक प्लास्टिकखाली चार-सहा आठवडे तापवून ठेवली असल्यास बुरशीचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. भांड्यास तळाशी भोके हवीतच. बी अर्ध्या ते एक सेंटिमीटर खोल व एकमेकांपासून दोन बोटे अंतरावर पेरावे. २५ ते ३० अंश तापमानात तिखट मिरची सुमारे आठ-दहा दिवसांत, व ढोबळी त्याहून काही दिवस उशिरा उगवते. तोवर वर ओले फडके झाकण्यास हरकत नाही. परंतु पहिला कोंब दिसताच ते काढावे. झाकण एक दिवस अधिक राहिले, तरी रोपे उजेडाच्या शोधात लांबट व दुबळी होतात.

पाणी सकाळीच द्यावे, आणि तेही मातीस बोट लावून. वरचा थर कोरडा लागला तर द्यावे; ओला लागला तर हात आवरावा. सकाळचे तीन-चार तासांचे ऊन आणि खेळती हवा मिळू द्यावी. पहिली चार खरी पाने येईपर्यंत जादा खताची गरज नाही.

पांढरी माशी व फुलकिडे ह्यांच्यामुळे मिरचीची पाने आकसतात. त्यास शेतकरी 'चुरडा-मुरडा' म्हणतात. आपल्या घरांत कीटकनाशक फवारण्याचा विषय निघाला, की आजी-आजोबांच्या मनास ते रुचत नाही, आणि त्यांचे म्हणणे केवळ धार्मिक आहे असेही नाही. पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू एकदा रोपात शिरला, की फवारणीने तो बरा होत नाही. तेव्हा कुंडीभोवती बारीक जाळीचा तंबू पहिल्या दिवसापासून उभा करावा. कीटक आत येऊ न देणे हेच जीवदयेस धरून आहे आणि व्यवहारासही.

रोपे वीतभर होऊन पाच-सहा पाने धरली, की हलविण्याआधी आठवडाभर पाणी थोडे कमी करून त्यांस क्रमाने उन्हाची सवय लावावी. नंतर एखाद्या संध्याकाळी, मुळांभोवतीची माती न फोडता, फूटभर रुंदीच्या कुंडीत प्रत्येकी एक रोप लावावे. ढोबळीची पहिली एक-दोन फुले खुडल्यास झाड आधी अंगाने भरते. हिरवी ढोबळी म्हणजे अपक्व फळच होय. धीर धरल्यास तीच वाणाप्रमाणे लाल वा पिवळी होते.

मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. पोर्तुगीजांची सत्ता नगर हवेलीतून १९५४ साली गेली. मिरची मात्र आपल्या फोडणीत कायमची राहिली. अशा ह्या मुरलेल्या पाहुणीस घरी वाढविण्यास भांडवल फारसे लागत नाही. हात आवरता येणे एवढेच लागते.

पुढील वर्षी आम्ही सप्टेंबरात पेरणी केली. नोव्हेंबरात रोपे हलविताना त्यांतील दोन उत्तम रोपे त्या बियाणे विक्रेत्यांच्या दुकानी नेऊन दिली आणि ज्या चार माणसांदेखत बोललो होतो, त्यांतील जी भेटली त्यांच्यादेखत चूक कबूल केली. त्यांनी रोपे दुकानाच्या पायरीवर ठेविली. बियाणे घेण्यास येणाऱ्यास ते आता तीच रोपे दाखवितात आणि पाणी बेताने घालण्यास बजावतात.