उन्हातील शेतकामासाठी स्त्रियांचा सैल सदरा

फाल्गुन उलटला की पंचगंगेकाठच्या उसाच्या मळ्यांतून एक दृश्य नित्य दिसते. भांगलणीस आलेल्या स्त्रियांच्या अंगात साडीवर पुरुषी सदरा असतो. बहुधा घरधन्याने किंवा मुलाने वापरून टाकलेला. मराठवाड्यातून ऊसतोडीस येणाऱ्या स्त्रियांचाही हाच पेहराव असतो. उसाच्या पानाच्या कडा करवतीसारख्या असतात. पान जेथे कांड्याला वेढून असते तेथील बारीक कूस कातडीत रुतते आणि घाम आला की तिची आग अधिकच वाढते. यावर स्त्रियांनी आपणच शोधून काढलेला हा उपाय आहे. कोणत्याही खात्याने तो शिकविलेला नाही. उपाय योग्य आहे. अंगातला सदरा मात्र त्या कामाचा नाही.

पुरुषाचा सदरा खांद्यात रुंद व कमरेखाली अरुंद बेतलेला असतो. साडीच्या निऱ्यांवर किंवा काष्ट्यावर तो ताणतो, म्हणून खालच्या दोन गुंड्या उघड्याच राहतात. वाकताच पाठीत ओढ बसते. बाह्या लांब पडतात म्हणून त्या कोपरापर्यंत दुमडल्या जातात, आणि मग उसाचे पान जेथे सर्वांत अधिक कापते तो मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उघडाच राहतो. शिवाय असे सदरे बहुतांशी टेरिकॉटचे किंवा निव्वळ पॉलिएस्टरचे असतात. सुती कापड हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सात ते आठ टक्के शोषून घेते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. घाम वाळतो तेव्हा तो अंगातील उष्णता घेऊन जातो. तो कापडाखालीच चिकटून राहिला तर अंग निवत नाही. घामोळे उठते, चक्कर येते आणि कडक उन्हात उष्माघातापर्यंत पाळी येते. घरात नवा कोयता येतो, फवारणीचा पंप येतो. पण दिवसाचे सात-आठ तास उन्हात वाकणाऱ्या बाईसाठी कामाचा कपडा मुद्दाम शिवलेला क्वचितच दिसतो.

कापडाची आपल्या जिल्ह्यात वाण नाही. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग उभारला, तेव्हापासून ते गाव कापडाचेच झाले आहे. मलमल उसात टिकत नाही. मांजरपाट किंवा मध्यम जाडीचे सुती कापड घ्यावे. दुकानदार सुती म्हणतो तेवढ्यावर न थांबता कडेचे दोन धागे काढून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गोळी बनते. रंग फिकट असावा हे खरे, परंतु पांढऱ्या कापडावरचे मातीचे व उसाच्या चिकाचे डाग पाहून बायका तो पुन्हा अंगात घालीत नाहीत. फिकट निळा किंवा खाकी हा व्यवहार्य मार्ग होय. कापड बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, म्हणजे पुढे आटत नाही.

आता बेत. माप साडीवरून घ्यावे, नुसत्या चोळीवरून नव्हे. छातीचा घेर ३६ इंच भरला तर सदऱ्याचा तयार घेर ४६ इंच ठेवावा. हे दहा इंच अधिक वाटतील. पण अंग व कापड यांमधून वारा खेळावा यासाठीच ते आहेत. उंची खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, सुमारे ४० इंच. याप्रमाणे ३६ इंची पन्ह्याचे पावणेतीन मीटर, अथवा ५८ इंची पन्ह्याचे पावणेदोन मीटर कापड पुरते.

शिवणीसह पाठ २४ इंच रुंद व ४२ इंच लांब कापावी. पुढचे दोन्ही भाग तेवढ्याच लांबीचे व गुंड्यांच्या पट्टीसह प्रत्येकी सव्वाचौदा इंच रुंद असावेत. खांद्याला मानेकडून टोकाकडे एक इंच उतार द्यावा. मुंढा गोल कापू नये. साडेआठ इंच सरळच ठेवावा. बाही वर १८ इंच रुंद, मनगटाकडे १३ इंचांपर्यंत निमुळती आणि १६ इंच लांब असावी. ती आखूड दिसते, पण सदऱ्याचा खांदा दंडावर उतरत असल्याने पट्टीसह मनगटापर्यंत पोहोचते. बगलेत चार इंचांचा चौकोनी तुकडा जोडावा. जुन्या पैरणीत शिंपी असाच तुकडा घालीत, म्हणून हात वर केला तरी पैरण कमरेवर चढत नसे. हा तुकडा वेळ वाचविण्यासाठी गाळू नये. सदऱ्याचे सारे सुख त्यात आहे.

दोन्ही बाजूंस खालून दहा इंच शिवण उघडी ठेवावी व तिच्या टोकाशी दुहेरी टाके घालावेत, म्हणजे बसून भांगलताना कापड फाटत नाही. आतल्या शिवणी दुमडून घ्याव्यात. घामाने भिजलेल्या कातडीला कच्ची कड टोचते. कॉलर शर्टासारखी असावी, कारण वाकल्यावर ऊन मानेवरच पडते. खिशाला झाकण हवे. नाहीतर संध्याकाळी त्यात पाचटाचा चुराच निघतो.

आमचा पहिला नमुना फसला, तो बाहीमुळे. वारा लागावा म्हणून बाहीचे तोंड मोकळे ठेविले होते. ते पानांत अडकू लागले आणि दुपारपर्यंत एक बाही उसवली. तेव्हापासून तयार नऊ इंचांची, गुंडीची मनगटपट्टी आम्ही आवश्यक मानतो. कडबाकुट्टी, मळणीयंत्र किंवा गुऱ्हाळाचा चरक यांजवळ तर लोंबते कापड जिवावर बेतते. तेथे मनगटाची गुंडी लावलेली व पदर सदऱ्याच्या आत खोवलेला असलाच पाहिजे. गगनबावड्याकडील भातलावणीत मात्र हीच पट्टी कोपरावर सरकवून गुंडी लावता यावी, म्हणून तिला दुसरे काजे थोडे सैल करून द्यावे.

औषध फवारणीसाठी हा सदरा पुरेसा समजू नये. सुती कापड घाम शोषते तसे औषधही शोषते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. फवारणीस हातमोजे, तोंडावरील आवरण व न भिजणारा अंगरखा वेगळा लागतो आणि त्या वेळचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम वर्तमानपत्राच्या कागदावर हा बेत कापून बचत गटातील शिवणकाम जाणणाऱ्या भगिनीकडे द्यावा. एकच सदरा शिवून तो भांगलणीस जाणाऱ्या एखाद्या बाईस आठ दिवस वापरावयास द्यावा. कोठे ताणतो, कोठे घासतो हे तिला विचारून कागदावर तशी खूण करावी, आणि त्यानंतरच बाकीचे कापड बेतावयास घ्यावे.