वाडीतली पैशाची शाळा

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका मोजल्या गेल्या. कारण कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. पुरुष मुंबईला, घर बाईच्या हाती. पिढ्यानपिढ्या पोस्टमन मनीऑर्डर आणून द्यायचा आणि तेवढ्यात बी-बियाणं, वाण्याची उधारी, मुलांची फी, गणपती, शिमगा सगळं बसवायचं ते तिनं. मात्र खातं नवऱ्याच्या नावावर, जमिनीचा सातबारा सासऱ्याच्या आणि विम्याचा कागद असलाच तर मुंबईच्या खोलीतल्या ट्रंकेत. पैसा रोज हाताळणारी बाई पैशाच्या कागदापासून मात्र दूर राहिली. हे अंतर या जिल्ह्यात सर्वांत जास्त कमी केलं ते बचत गटानं, असं माझं ठाम मत आहे.

गटाची कल्पना साधी. दहा ते वीस बायका, दर महिन्याला ठरलेली बचत, त्यातूनच गरजेप्रमाणे एकमेकींना कर्ज. नाबार्डनं १९९२ साली देशभरातले ५०० गट बँकांशी जोडायचा प्रयोग केला, तिथून ही चळवळ सरकारी कागदावर आली. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं ‘माविम’, १९७५ पासून आहे. पुढे २०११ मध्ये राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे ‘उमेद’, आलं. गटांवर ग्रामसंघ, ग्रामसंघांवर प्रभागसंघ, आणि गावातल्याच बाईला शिकवून केलेली सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) किंवा बँक सखी अशी आजची रचना आहे.

पण खरं शिक्षण होतं ते बैठकीत. दुपारची कामं आवरून बायका कुणाच्या तरी पडवीत जमतात. हजेरी होते, बचत गोळा होते, मागचे हप्ते कुणाचे आले नि कुणाचे राहिले ते मोठ्यानं वाचलं जातं. मग कर्जाची मागणी. कुणाला मुलीच्या कॉलेजची फी भरायची असते, कुणाला आंबापोळीसाठी साखर घ्यायची असते, कुणाचं माणूस दवाखान्यात असतं. कुणाला आधी द्यायचं, यावर वाद होतो आणि झालाच पाहिजे. कारण पैसे सगळ्यांचे आहेत. निर्णय इतिवृत्तात लिहिला जातो, खाली सह्या होतात. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि अद्ययावत लेखे, ही पंचसूत्री गटातल्या बाईला तोंडपाठ असते. जिनं उभ्या आयुष्यात बँकेची पायरी चढली नव्हती, ती कोषाध्यक्ष म्हणून गटाचं खातं चालवते.

या बैठकीतला सगळ्यात मोलाचा धडा व्याजाचा. ‘शेकडा दोन’ ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते वर्षाला चोवीस टक्के होतात. दहा हजार रुपये दहा महिन्यांसाठी घेतले आणि दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडलं, तर उरलेल्या रकमेवर शेकडा दोननं एकूण व्याज होतं ११०० रुपये. तेच व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर लावलं, तर २००० रुपये. दर तोच, रक्कम तीच, फरक नऊशे रुपयांचा. हा हिशेब एकदा स्वतःच्या कर्ज वहीत मांडून पाहिलेली बाई दारात आलेल्या वसुलीवाल्याला योग्य प्रश्न विचारते.

जगात दुसरीकडेही हीच वाट दिसते. अमेरिकेतल्या मेक्सिकन कुटुंबांत ‘तांदा’ चालतो. सगळ्यांनी पैसे घालायचे, पाळीपाळीनं एकानं उचलायचे. म्हणजे आपली भिशीच. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात स्पॅनिश बोलणारे मजूर रोख पैसे जवळ बाळगत आणि लुटले जात, म्हणून तिथे २००० साली लॅटिनो कम्युनिटी क्रेडिट युनियन ही पतसंस्था उभी राहिली. तिथले व्यवहार आणि पैशाचे वर्ग स्पॅनिशमध्ये. पैशाची समज आपल्या भाषेत आणि आपल्या माणसांत आली तरच ती टिकते, हे तिथेही खरं आणि लांजा-राजापुरातही खरं.

आणि भाषेचाच मुद्दा आपल्याकडे ढिला राहिला आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज देणाऱ्यानं कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्जाचं कार्ड द्यायला हवं, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. हा नियम वाडीपर्यंत पोचायला हवा. तो बैठकीत वाचून दाखवायला किती वेळ लागतो?

रत्नागिरीत तर याची गरज जास्त, कारण इथला पैसा ऋतूंवर चालतो. हापूसचा पैसा उन्हाळ्यात येतो, पण फवारणीचा खर्च मोहराच्या वेळीच करावा लागतो आणि त्यासाठी वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून उचल घेतली जाते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा मिरकरवाडा बंदरातल्या खलाशाच्या घरात आवक नाही. अशा घराला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा मिळतो. पण खात्याला वारसाचं नाव लावलेलं आहे का आणि विम्याचा हप्ता खरंच कापला गेला का, हे पासबुकात पाहायला बाईला शिकवलं पाहिजे.

ठेवींचंही तसंच. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही. ठेवीदाराला फरक माहीत असावा, एवढंच. जमिनीच्या नावानं लोकांकडून हजारो कोटी गोळा करणाऱ्या ‘पर्ल्स’ला सेबीनं २०१४ मध्ये पैसे परत करायला सांगितलं आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी न्यायमूर्ती लोढा समिती नेमावी लागली. एजंट ओळखीचा असतो, म्हणून लोक विश्वास टाकतात. गटात एखादी जरी विचारणारी असली, की ‘कागद दाखवा’ म्हणायला धीर येतो.

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांत बँकेतून, एलआयसीतून निवृत्त झालेली कितीतरी माणसं असतात. त्यांना माझी विनंती आहे. या वर्षी एक दुपार वाडीतल्या गटाच्या बैठकीला द्या. वहिनी, काकू, आत्या जी कर्जाची कार्डं आणि पासबुकं घेऊन येतील ती त्यांच्याच शेजारी बसून, मराठीत, एकेक ओळ वाचून दाखवा.