बाळाच्या घासात जंतांचा वाटा कशाला?



तीन-चार वर्षांचे पोर. पोट नगाऱ्यासारखे पुढे आलेले, हातपाय मात्र काड्या. कधी अधाशासारखे जेवते, कधी ताटाकडे बघत नाही. बेंबीभोवती दुखते म्हणून रडते. घरची माणसे म्हणतात, "दृष्ट लागली असेल," नाही तर "खाल्लेलं अंगाला लागतच नाही त्याच्या." अशा वेळी त्याच्या जेवणात दुसराच कोणी वाटेकरी आहे का, हे आधी पाहावे. तो वाटेकरी म्हणजे पोटातले जंत. (पोट मोठे दिसण्याला कुपोषणाचेही कारण असते. म्हणून अंगणवाडीत मुलाचे वजनही करून घ्या.)

आईबापांनी तीन तऱ्हेचे जंत ओळखावेत. पहिला गांडुळासारखा गोल जंत. हा वीतभर किंवा त्याहूनही लांब वाढतो आणि त्याची मादी दिवसाला 2 लाखांपर्यंत अंडी घालते. दुसरा आकडी जंत. हा जेमतेम एक सेंटीमीटर लांब, पण आतड्याला चिकटून रक्त पितो. मूल फिकट पडते, थकते, चार पावले धावले की धापा टाकते. तिसरे सुतासारखे बारीक पांढरे जंत. हे रात्री बाळाच्या शौचाच्या जागी खाज आणतात, आणि ना ते झोपते, ना घर.

"गोड खाल्लं की जंत होतात," ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. गुळाने किंवा साखरेने जंत होत नाहीत. जंत होतात ते शौचातून मातीत आणि मातीतून तोंडात गेलेल्या अंड्यांमुळे. एखाद्याने बांधाच्या आडोशाला शौच केले, की गोल जंताची अंडी मातीत पडतात. ओलसर मातीत दोन-तीन आठवड्यांत ती पिकतात. मग बाळाच्या नखांतून, न धुतलेल्या काकडीवरून किंवा खाली पडलेल्या भाकरीच्या तुकड्यावरून ती पोटात जातात. आतड्यात अंडे फुटते, अळी रक्तातून फुफ्फुसात जाते, खोकल्याबरोबर घशात येते आणि पुन्हा गिळली जाते. एवढा फेरा करून दोन-तीन महिन्यांत जंत मोठा होऊन अंडी घालू लागतो. ती अंडी पोटात उबत नाहीत, शौचावाटे बाहेरच पडतात. म्हणजे पोरात वीस गोल जंत निघाले, तर निदान वीस अंडी त्याने बाहेरूनच गिळली आहेत.

आकडी जंताची तऱ्हा वेगळी. त्याला तोंडाची गरज नाही. त्याची अळी ओल्या, सावलीतल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते. आवणीच्या दिवसांत पायाला खाज सुटली की आपण चिखल्या म्हणून सोडून देतो. चिखल्याच असतील, पण दर वेळी त्याच असतात असे नाही. परसाकडे जाताना आणि पोरांना बाहेर खेळायला सोडताना पायात चप्पल हवी, ती यासाठीच.

आता औषध. अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी अंगणवाडीत, शाळेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला ही गोळी द्यायची नाही. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, दोन चमच्यांमध्ये बारीक करून, पाण्यात कालवून. दोन वर्षांपुढे एक पूर्ण गोळी. तीही लहानग्यांना चुरूनच द्यावी, मोठ्यांनी चावून खावी. रडत्या पोराचे नाक दाबून गोळी तोंडात कोंबू नका. ती श्वासनळीत अडकली तर जीव गुदमरतो. ताप आलेला किंवा मूल आजारी असेल तर बरे झाल्यावर द्या. उपास नको, वरून एरंडेलही नको. वावडिंगाचा काढा घरात चालत असेल, पण त्यावर विसंबून गोळी चुकवू नका.

गोळीनंतर थोडे पोट दुखणे, मळमळणे होते. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला त्रास जरा जास्त. दिवसभरात तो थांबतो. शौचात जंत दिसले नाहीत म्हणून गोळी फुकट गेली असे समजू नका. पण पोट फुगून टणक झाले, सारख्या उलट्या होत आहेत, शौच आणि वाराही सरत नाही, तर जंतांच्या मोठ्या गुंत्याने आतडे अडलेले असू शकते. अशा वेळी घरी गोळी न देता 108 ला फोन करा किंवा थेट शहापूर नाही तर मुरबाडचे सरकारी रुग्णालय गाठा.

बारीक सुती जंत असतील तर घरातल्या सगळ्यांना औषध लागते आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे लागते. किती ते डॉक्टरांना विचारावे. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेऊ नये. पुढे आरोग्यसेविका सांगतील तेव्हा जरूर घ्यावी. आधीच्या बाळंतपणाने रक्त उतरलेले, त्यात आकडी जंत आणि त्यात लगेच दुसरे दिवस, हा भार बाईच्या अंगाला पेलत नाही. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवावे, असे म्हणतात ते यासाठीही.

गोळी आजचे जंत मारते, उद्याचे अडवत नाही. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. 2015 सालच्या फेब्रुवारीत राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला, तेव्हा पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. 1 ते 19 वर्षांच्या सर्व मुलांसाठी 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट या तारखा ठरल्या. काही वर्षी त्या पुढे-मागे होतात, म्हणून आशाताईंना विचारून ठेवा.

यात आपल्या भागाची एक अडचण आहे. दिवाळी सरली की डोळखांब, किन्हवली, टोकावडे भागातली कितीतरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. फेब्रुवारीत गावच्या अंगणवाडीत गोळी येते, तेव्हा पोरे भट्टीवरच्या मातीत असतात. तिथली अंगणवाडी आपल्या गावची नाही म्हणून मागे राहू नका. मूल कुठल्याही गावचे असो, गोळी मागून घ्या. राहूनच गेली तर परत आल्यावर डोळखांबच्या आरोग्य केंद्रात जा.

बाळाची शी निरुपद्रवी असते असे समजून ती अंगणाच्या कडेला टाकू नका. त्यातही अंडी असतात. ती संडासात टाका, संडास नसेल तर खोल पुरा. धरणे आपल्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरची वाटही आपणच बघायची, हे खरे. तरी हात धुवायला तांब्याभर पाणी पुरते. साबणाची वडी फडक्यात बांधून मोरीजवळ टांगून ठेवा. शौचाहून आल्यावर आणि जेवायला बसण्याआधी हात धुतलेच पाहिजेत. मेडिक्लोरने जुलाबाचे जंतू मरतात, गोल जंताची अंडी मात्र मरत नाहीत. तेव्हा काकडी, मुळा, कोथिंबीर चांगल्या पाण्याने चोळून धुवा. पोरांची नखे दर आठवड्याला कापा.

मूल फिकट दिसत असेल तर आशाताईंकडून लोहाचे औषधही मागून घ्या आणि गोळीनंतर महिन्याने अंगणवाडीत पुन्हा वजन करा.