एक टन ऊस, अठरा खोकी आणि हातातला फोन



बेणे, लागण, खते, खोडवा यांवर आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. अलीकडे गट ऑफिसात आलेला तरुण सभासद लागणीची चौकशी संपली की हळूच विचारतो, "साहेब, घरचा गूळ ऑनलाइन विकला तर कसं?"

ऊस विकास अधिकाऱ्याने गुळाविषयी लिहावे हे काही मंडळींना खटकेल. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कारखान्याकडे नोंद दिलेला ऊस कारखान्यालाच आला पाहिजे. कारखाना आपला आहे; गाळप कमी पडले तर तोटाही आपल्याच पदरी येतो. येथे लिहितो आहोत ते नोंदीबाहेरच्या चार-दोन गुंठ्यांबद्दल आणि घरच्या माणसांच्या रिकाम्या वेळाबद्दल. हेच धोरण काकवी, शेंगदाण्याची चटणी किंवा उसातल्या आंतरपिकाच्या मालालाही लागू पडेल.

आमच्या गटात एक सभासद भगिनी आहेत. मालक गेल्यावर शेअर त्यांच्या नावे झाला. रान ३५ गुंठे. ऊसबिल निघते, पण सोसायटीची कपात होऊन हातात उरते ते पुढच्या लागणीलाच जाते. मुलगी कॉलेजात शिकते. तिची फी कशी भरायची, हा खरा प्रश्न होता. बेण्यासाठी राखलेल्या पट्ट्यातला थोडा ऊस शिल्लक होता. गत हंगामात ताईंनी त्यातला एक टन गुऱ्हाळावर नेला. फोनचे काम मुलीने अंगावर घेतले.

येथे पहिला सल्ला आमचाच चुकला, हे कबूल केले पाहिजे. आम्ही म्हणालो, "ताई, एखाद्या मोठ्या कंपनीच्या विक्रीच्या साइटवरच घाला की." महिना कागदपत्रांत गेला. नंतर कमिशन, परत आलेल्या मालाचा खर्च आणि पैसे मिळायची मुदत यांचा हिशेब मांडला, तेव्हा एवढ्याशा मालाला ते परवडेना. ताईच म्हणाल्या, "साहेब, नवीन जात आली की तुम्ही आधी दोन गुंठ्यांवर घ्यायला सांगता. मग इथं एकदम एकराची उडी कशाला?" आम्ही गप्प बसलो.

मग मुलीने फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस घेतले. त्याला पैसे पडत नाहीत, आणि मालाचे फोटो व भाव लावायची सोय त्यात असते. गावचीच जी मंडळी पुण्या-मुंबईला आहेत, त्यांना निरोप गेले. आगाऊ पैसे युपीआयने घ्यायचे आणि माल कुरिअरने धाडायचा, असा सरळ व्यवहार ठरला.

पहिल्या खेपेचा हिशेब ताईंच्या वहीतून, त्यांच्या परवानगीने देत आहोत. एक टन उसाचा गूळ उतरला १०४ किलो. चांगल्या, पक्व उसाचा उतारा साधारण १० ते ११ टक्के पडतो, त्या मानाने ठीकच. पाच किलोचे खोके ६०० रुपयांना, पोहोच धरून. १६ खोकी विकली. आले ९,६०० रुपये.

खर्चाची बाजू अशी: ऊस कारखान्याला घातला असता तर मिळाले असते ते ३,००० रुपये, गुऱ्हाळाची मजुरी व जळण १,५००, पिशव्या, खोकी, लेबले १,३००, कुरिअर १८ खोक्यांचे, दर खोक्याला १७० प्रमाणे, ३,०६०. एकूण ८,८६० रुपये. शिल्लक ७४०.

वाचक म्हणतील, विकली १६ आणि कुरिअर १८ चे कसे? दोन खोकी वाटेत भिजली, ढेपा फुटल्या. ताईंनी वाद न घालता दोन्ही गिऱ्हाइकांना दुसरा माल धाडला. उरलेला १४ किलो गूळ घरात आणि चवीला वाटण्यात गेला. मायलेकींची मजुरी यात धरलेलीच नाही.

"७४० रुपयांसाठी एवढा खटाटोप?" असे भावकीतले बोलले. मुलीलाही वाईट वाटले. पण आम्हाला वहीत दुसरेच दिसले. पहिल्या १६ गिऱ्हाइकांपैकी ९ जणांनी पुन्हा मागणी केली, आणि त्यांत भिजलेल्या खोक्याचे दोघेही होते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पहिले गिऱ्हाईक म्हणजे लागण, आणि तेच परत आले म्हणजे खोडवा. पूर्वमशागत नाही, बेणे नाही. निगा मात्र राखावी लागते.

दुसऱ्या खेपेस ढेपेऐवजी एक-एक किलोचे रवे केले, जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद बांधले आणि मजबूत खोके घेतले. भाव ६५० केला. १८ खोकी गेली, आले ११,७००. बांधणीचा खर्च वाढून १,६०० झाला. बाकी खर्च तोच धरून बेरीज ९,१६०. शिल्लक २,५४० रुपये. फी पूर्ण निघाली नाही, पण पहिला हप्ता मुलीने स्वतः भरला.

आता ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी.

पहिली, माल. गूळ चांगला व्हायला ऊस पक्व पाहिजे. को ९२००५ आणि कोसी ६७१ या जाती गुळाला चांगल्या. मळी काढायला रानभेंडीचा रस वापरा. रंग उजळावा म्हणून हायड्रॉस टाकायची खोड काही ठिकाणी आहे. ती आपल्याला नको. गिऱ्हाईक घरबसल्या माल मागवते ते विश्वासावर. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात याची शास्त्रीय माहिती मिळते, तेथे एकदा जाऊन यावे.

दुसरी, कागद. खाण्याचा माल विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. लहान उत्पादकाची नोंदणी सोपी आहे. तिचा १४ अंकी क्रमांक लेबलावर छापावा. शिवाय मालाचे नाव, घटक, निव्वळ वजन, बॅच, बांधल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा ते, सर्व करांसहित कमाल किंमत, आपले नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहारी मालाची हिरवी खूण पाहिजे.

तिसरी, कर. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावून बांधलेल्या गुळावर जीएसटी लागू झाला. उलाढाल लहान असेल तर राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला सहसा नोंदणी लागत नाही. पण कर लागू असलेला माल परराज्यात धाडायचा झाला की प्रश्न बदलतो. म्हणून सुरुवात महाराष्ट्रातूनच करावी, आणि कर सल्लागाराला एकदा वही दाखवावी.

चौथी, जाहिरात. "आमच्या गुळाने साखरेचा आजार बरा होतो" असे कुणीही लिहू नये. गूळ झाला तरी त्यात मुख्यतः साखरच असते, हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? रोग बरा होतो असा दावा कायद्यातही बसत नाही. प्रमाणपत्र नसताना "सेंद्रिय" छापू नये. जे केले तेच सांगावे: रान कुठले, ऊस कुठला, मळी कशाने काढली. चुलवाणावरच्या काहिलीचा खरा फोटो पुष्कळ काम करतो.

पाचवी, फसवणूक. ताईंना एक फोन आला होता. "मोठ्या कँटीनला ५० खोकी पाहिजेत, पैसे धाडतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका," असे तो माणूस म्हणाला. मुलीने फोन ठेवून दिला, म्हणून बचावल्या. पक्के ध्यानात ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसलातच तर लाजू नका, क्षणाचाही वेळ न दवडता १९३० ला फोन करा.

सहावी, वही. स्वतःच्या उसाची किंमत, फुटलेला माल आणि घरच्यांची मजुरी खर्चात मांडा. ती न मांडता दिसणारा नफा म्हणजे तोडणी-वाहतूक वजा न करता वाचलेले ऊसबिल.

कर्ज काढून, यंत्रे घेऊन सुरुवात करू नये. एक टन, वीस गिऱ्हाइके, एक वही आणि फोन चालवणारे घरातले एक पोर, एवढ्यावर पहिला हंगाम काढावा. दुसऱ्या खेपेला किती जण परत येतात ते पाहावे आणि मगच पाऊल पुढे टाकावे.

परवा ताई नोंद द्यायला आल्या होत्या. ३२ गुंठे कारखान्याला लिहिले, ३ गुंठे बाजूला ठेवले. म्हणाल्या, "साहेब, तीन गुंठे पोरीच्या फोनला." आम्ही तशीच नोंद केली.

कळावे, लोभ असावा.

— ऊस विकास अधिकारी